सिव्ह सहाचे विस्तार जूनच्या सेलमध्ये घ्यायचे आहेत, तोवर तयारी काय करावी?

प्रश्न गुहागरजवळच्या तिघा मित्रांचा आहे. 'सिव्हिलायझेशन सहा' (सिव्ह सहा) या राज्य वाढवायच्या कॉम्प्युटर गेमचा मूळ खेळ तिघांकडेही आहे आणि 'प्रिन्स' या अवघडपणाच्या पातळीवर ते आरामात जिंकतात. एक जण बोटीवर असतो, त्यामुळे १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीतच तिघं एकत्र बसतात. जूनच्या शेवटी स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाचा उन्हाळी सेल लागतो, तेव्हा 'राइज अँड फॉल' आणि 'गॅदरिंग स्टॉर्म' हे दोन्ही विस्तार, म्हणजे मूळ खेळावर बसणारे जादा भाग, घ्यायचं त्यांच्या मनात आहे. आधी कोणता घ्यावा, चालू डाव पुढे चालतील का, आणि तोपर्यंत नुसती वाट बघायची की काही सराव करता येईल, असं त्यांनी विचारलं आहे.

सराव नक्की करता येतो, आणि तो मूळ खेळातच करायचा आहे. विस्तार म्हटलं की लोक आधी नवे नेते, नवी चित्रं, नवी आश्चर्यं शोधतात. ती बघायला छानच आहेत, पण त्यांनी तुमचा डाव बिघडत नाही. डाव बिघडतो तो जुन्या सवयींमुळे, कारण विस्तार जुन्याच गोष्टींची किंमत बदलतो. या मालिकेतल्या आधीच्या सिव्ह पाचमध्ये हे स्पष्ट दिसलं होतं. त्यात नदीकाठच्या आणि समुद्राच्या टाइलवर (नकाशावरच्या घरांवर) सोनं मिळायचं. २०१३च्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' या विस्ताराने ते काढून घेतलं आणि कमाईचा भार व्यापारी मार्गांवर टाकला. ज्यांनी सवयीने किनाऱ्यावर चार शहरं वसवली आणि कॅरव्हॅन (व्यापारी तांडे) बांधले नाहीत, त्यांची तिजोरी सुरुवातीलाच रिकामी झाली. शिवाय जास्त शहरं म्हणजे जास्त संशोधन हा हिशोबही तिथेच बदलला, कारण प्रत्येक नव्या शहरामागे तंत्रज्ञान महाग होऊ लागलं. म्हणून विस्ताराची माहिती वाचताना 'नवीन काय' हा प्रश्न बाजूला ठेवा आणि 'आजवर फुकट मिळत होतं असं काय महाग झालं' एवढं शोधा.

आधी पैशांचं बघू. 'राइज अँड फॉल' ८ फेब्रुवारी २०१८ला आला, 'गॅदरिंग स्टॉर्म' १४ फेब्रुवारी २०१९ला. दुसऱ्यात पहिल्याचे सगळे नियम आधीच घातलेले आहेत: निष्ठा, गव्हर्नर, सुवर्णयुग आणि अंधारयुग, सगळं. हे काय ते पुढे येतंच. पहिला न घेता मिळत नाहीत ते त्याचे नेते आणि त्यांची राज्यं, म्हणजे कोरिया, मंगोलिया, झुलू, नेदरलँड्स वगैरे आणि भारतासाठीचा चंद्रगुप्त. एकच घ्यायचा असेल तर डोळे मिटून 'गॅदरिंग स्टॉर्म' घ्या. दोन्ही घ्यायचे असतील तर सुटे घेण्याआधी प्लॅटिनम आणि अँथॉलॉजी या एकत्रित संचांची किंमत कार्टमध्ये टाकून बघा. पुष्कळदा संच स्वस्त पडतो.

इथे एक मोठी अडचण होते. मे २०२०मध्ये हा खेळ एपिक या दुसऱ्या गेम-दुकानात आठवडाभर फुकट होता आणि आपल्याकडे बऱ्याच जणांची प्रत तिथलीच आहे. स्टीमवर घेतलेला विस्तार एपिकच्या प्रतीला लागत नाही. मूळ खेळ ज्या दुकानातला, विस्तारही त्याच दुकानातून घ्यावा लागतो. तिघांनी आपापली प्रत कुठली ते आजच तपासून ठेवा, सेलच्या शेवटच्या दिवशी नको.

आणि तिघांनी विस्तार घेतलाच पाहिजे असंही नाही. एकाच कॉम्प्युटरवर आळीपाळीने खेळायचं असेल तर हॉटसीट आहे. त्याला एका प्रतीवर काम भागतं. वेगवेगळ्या मशीनवरून नेटने खेळायचं ठरलं तर मात्र ज्या नियमसंचावर डाव लावलाय तो प्रत्येकाकडे हवा.

आता नियमांकडे. सर्वांत जास्त शहरं हातातून जातात ती निष्ठेमुळे. मूळ खेळात सेटलर (शहर वसवणारी तुकडी) घेऊन शेजाऱ्याच्या अंगणात शहर वसवता येतं आणि ते तुमचंच राहतं. विस्तारात प्रत्येक शहराला १००पर्यंत निष्ठा असते. आजूबाजूच्या ९ टाइलच्या आतल्या शहरांमधला प्रत्येक नागरिक आपापल्या राज्याच्या बाजूने ओढतो. ही ओढ दर टाइलमागे १० टक्क्यांनी कमी होते. निष्ठा शून्यावर आली की शहर बंड करून स्वतंत्र होतं आणि पुढे बहुधा शेजाऱ्याला जाऊन मिळतं.

उदाहरण घ्या. शेजाऱ्याची राजधानी १० लोकवस्तीची आहे आणि तुम्ही तिच्यापासून ४ टाइलवर १ लोकवस्तीचं शहर टाकलंत. ४ टाइलवर ओढ ६० टक्के उरते, म्हणजे त्यांचा जोर ६. तुमचं सर्वांत जवळचं शहर ५ लोकवस्तीचं, पण ७ टाइल लांब. तिथून ३० टक्के, म्हणजे १.५, आणि नव्या शहरातला तुमचा स्वतःचा एक नागरिक मिळून २.५. सहाच्या विरुद्ध अडीच. असं शहर काही टर्नमध्येच हातचं जातं, भिंती बांधून किंवा एखादा योद्धा बसवून ते थांबत नाही. त्यात शेजारी सुवर्णयुगात असेल तर त्याचा नागरिक दीडपट जोर लावतो, आणि तुम्ही अंधारयुगात असाल तर तुमचा निम्मा. म्हणजे ९ विरुद्ध १.२५.

याचा सराव मूळ खेळात असा करा: सेटलरने शहर वसवायच्या आधी कागदावर वरचा हिशोब मांडा. आपली आणि परक्याची लोकवस्ती लिहा, अंतराप्रमाणे टक्के काढा. पारडं हलकं असेल तर तिथे वसायचंच नाही, जागा कितीही चांगली असो. एक अख्खा डाव असा खेळलात की डोळ्यांना अंतराचा अंदाज बसतो आणि नंतर कागदाची गरज उरत नाही. नव्या शहराला आपल्या शहरांचा शेजार मिळेल अशी, म्हणजे ४ ते ६ टाइलवर एकेक, साखळी वाढवत नेणं हीच सुरक्षित पद्धत.

लढाईतही हाच नियम नडतो. मूळ खेळात सीमेवरचं लहान शहर आधी घ्यायचं, मग दमाने पुढे सरकायचं, हे चालतं. विस्तारात ते लहान शहर बाकीच्या मोठ्या शहरांच्या ओढीत सापडतं आणि तुम्ही पुढचा वेढा घालेपर्यंत मागे बंड होतं. म्हणून मोहिमेत आधी मोठं शहर पाडा, किंवा दोन-तीन शहरं थोड्या टर्नच्या अंतराने घ्या, म्हणजे ओढणारं केंद्रच उरत नाही. जिंकलेल्या शहरात गव्हर्नर (शहर सांभाळणारा अधिकारी) बसवला की त्याची दर टर्नला ८ निष्ठा मिळते. सगळ्या राज्यांना मिळणारे गव्हर्नर ७ आहेत. बदली केली की त्यांचे खास गुण लागू व्हायला ५ टर्न लागतात, फक्त व्हिक्टरला ३. त्यामुळे सैन्याबरोबर फिरवायला व्हिक्टर बरा. शहरात तुकडी ठेवल्यावर २ निष्ठा देणारं 'लिमिटनाय' नावाचं धोरणकार्ड आणि स्मारक, दोन्ही लहानसहान वाटतात, पण काठावरच्या शहराला तेवढ्यानेच तारलेलं असतं.

युगगुणांबद्दल थोडक्यात. रानटी टोळीचा तळ उठवला, नैसर्गिक आश्चर्य सापडलं, आपल्या राज्याची खास तुकडी पहिल्यांदा बनवली, की गुण मिळतात आणि त्यावर पुढचं युग सुवर्ण की अंधार ते ठरतं. नवखा खेळाडू मिळतील तेवढे गुण लगेच घेतो. सुवर्णयुगाचा आकडा गाठला असेल तर उरलेले गुण पुढच्या युगासाठी राखून ठेवायचे. खास तुकडी दोन टर्न उशिरा बनवा, तळाजवळ सैन्य उभं करून ठेवा आणि युग पालटल्यावर घाव घाला. युग संपत आल्याची सूचना आधी येते, तेवढ्यात ही जुळणी होते. एखादं अंधारयुग आलं तरी घाबरू नका. त्यानंतर लगेच सुवर्णयुगाचा आकडा गाठला तर वीरयुग मिळतं आणि एकाऐवजी तीन समर्पणं (युगाचे जादा फायदे) निवडता येतात.

दुसरी मोठी सवय मोडायची ती लोखंडाची. मूळ खेळात लोखंडाच्या दोन खाणी हातात आल्या की तलवारबाज हवे तेवढे काढता येतात, छावणी (सैनिकी विभाग) असलेल्या शहराला तर एकच खाण पुरते. 'गॅदरिंग स्टॉर्म'मध्ये साधनसंपत्ती साठवावी लागते. एक खाण दर टर्नला २ लोखंड देते आणि एका तलवारबाजाला २० लागतं. म्हणजे एका खाणीवर १० टर्नला एक तुकडी. साठ्याची मर्यादा सुरुवातीला ५०, छावणीतल्या प्रत्येक इमारतीने ती १०ने वाढते. घोडदळाचं तेच, बंदूकधाऱ्यांना शोरा लागतो त्याचंही तेच. पुढच्या काळात पायदळ आणि रणगाडे बनवून भागत नाही, ते उभे असले तरी दर टर्नला तेल पितात. तेल संपलं की त्यांची ताकद घसरते.

यासाठी आत्ताच वहीत लोखंडाचं खातं उघडा. खाण तयार झाली त्या टर्नपासून दर टर्नला २ जमा करा आणि २० झाल्याशिवाय तलवारबाज काढू नका. मूळ खेळ तुम्हाला अडवणार नाही, तुम्हीच स्वतःला अडवायचं. मग लक्षात येतं की तलवारबाज चार आणि धनुर्धारी सहा असं मिश्र सैन्य का लागतं, आणि दुसऱ्या राजाकडून एकरकमी लोखंड विकत घेण्यात शहाणपण का आहे.

आता किनारा. कोकणातल्या खेळाडूला किनाऱ्यावर वसायची ओढ असतेच, आणि मूळ खेळात तिथे धोका नाही. बंदर शहराच्या केंद्राला लागून असलं तर २ सोनं जास्त, प्रत्येक लगतच्या सागरी संपत्तीमागे आणखी १, मासेमारीचं अन्न वेगळं. विस्तारात हा फायदा तसाच राहतो, पण किनाऱ्याच्या काही टाइल सखल ठरतात. त्यांच्या १, २ आणि ३ मीटर अशा तीन पायऱ्या आहेत. जगभरात कोळसा आणि तेल जळायला लागलं की समुद्र चढतो. आधी सखल टाइलवर पाणी भरतं आणि तिथलं काम बंद पडतं, पुढच्या टप्प्यावर ती टाइल कायमची पाण्याखाली जाते. चढलेला समुद्र पुन्हा उतरत नाही. आणि धूर फक्त तुमचाच मोजला जात नाही, खंडाच्या पलीकडचा राजा कोळशावर कारखाने चालवत असेल तर पाणी तुमच्याही दारात येतं.

यावर उपाय म्हणजे पूररोधक भिंत. ती शहराच्या केंद्रात बांधायची आणि ती शहराच्या सगळ्या सखल टाइल राखते. ती 'कॉम्प्युटर्स' तंत्रज्ञानाने मिळते, म्हणजे बरीच उशिरा. तिचा खर्च सखल टाइलच्या संख्येवर ठरतो आणि समुद्र जसजसा चढतो तसतसा वाढत जातो. खाजणातल्या शेतीचा खारबांध जसा उधाणाच्या आधी डागडुजी करून ठेवावा लागतो, तसंच इथे: पाणी नुसतं भरलं असेल तर भिंतीनंतर टाइल दुरुस्त होते, बुडालेली टाइल मात्र परत मिळत नाही. 'कॉम्प्युटर्स' मिळताच सर्वांत जास्त सखल टाइल असलेल्या शहरात आधी भिंत सुरू करा. मिलिटरी इंजिनिअर हाताशी असतील तर त्यांचा प्रत्येक चार्ज (एकदा वापरायची कामाची पाळी) २० टक्के काम उरकतो, म्हणून एका गरीब किनारी शहरासाठी दोन-तीन इंजिनिअर आधीच तयार ठेवणं परवडतं. त्यांच्यासाठी छावणीत शस्त्रागार हवं, हे विसरून लोक ऐनवेळी अडकतात.

याची रंगीत तालीम आज अशी करा: किनाऱ्यावर शहर वसवा, बंदर बांधा, पण कॅम्पस (विद्येचा विभाग), औद्योगिक विभाग आणि नाट्यगृह पाण्याला लागून टाकू नका. बंदर मुळातच पाण्यावर असल्याने त्याला सखलपणाचा प्रश्न नाही. महागडे विभाग एक-दोन टाइल आत घ्यायची सवय लागली की विस्तारातलं निम्मं नुकसान आपोआप टळतं.

नदीचं गणित मात्र वेगळं आहे, आणि ते मला या विस्तारात सर्वांत आवडतं. पूरमैदानावर पूर आला की शेती-खाणींचं नुकसान होतं, पण गाळाने टाइलचं अन्न, कधी उत्पादनही, कायमचं वाढू शकतं. चिपळूणला जुलै २०२१मध्ये वाशिष्ठीने काय केलं ते बघितलेल्या माणसाला पूरमैदानावर शहर नकोसं वाटेल, तरी खेळात सुरुवातीच्या काळात तिथे वसणं फायद्याचं आहे. फक्त तिथे विभाग उभारू नका, शेतंच ठेवा. शेत मोडलं तर बिल्डर ते दुरुस्त करतो आणि त्यात त्याचा चार्ज जात नाही. 'बट्रेस' तंत्रज्ञान आलं की धरण बांधा. एका नदीवर एकच धरण होतं, त्यामुळे कोणत्या शहराकडून ते बांधायचं ते आधी ठरवा. लियांग या गव्हर्नरचा 'रीइन्फोर्स्ड मटेरियल्स' हा गुण घेतला तर तिच्या शहरातल्या बांधकामांना आपत्तीचा धक्का लागत नाही. वादळी किनाऱ्यावरच्या मोठ्या शहरासाठी तो मोलाचा आहे.

चालू डावांबद्दल: मूळ नियमांवर सुरू केलेला डाव विस्ताराच्या नियमांवर बदलून घेता येत नाही. नवा डाव लावतानाच नियमसंच निवडावा लागतो. जुने सेव्ह जुन्याच नियमांवर उघडतात, पण मोठ्या अपडेटनंतर ते अडू शकतात, विशेषतः मॉड (खेळाडूंनी बनवलेले बदल) लावलेले असतील तर. तेव्हा हातातले डाव मेअखेर संपवा. ठेवायचेच असतील तर डॉक्युमेंट्समधल्या 'माय गेम्स' फोल्डरातून सेव्ह पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. विस्तार टाकण्याआधी सगळे मॉड बंद करा, पहिला डाव विनामॉड चालवून बघा, मग एकेक मॉड चालू करा. सगळे एकदम चालू केले आणि खेळ मुख्य पडद्यावरच बंद पडला, तर दोष कुणाचा ते कळायला मार्ग राहत नाही.

डाउनलोड जूनच्या पावसात करायचं आहे, हे लक्षात ठेवा. फोनच्या हॉटस्पॉटवर दिवसाला दीड-दोन जीबीच मिळत असेल, तर मूळ खेळाचे सगळे अपडेट मेमध्येच पूर्ण करून ठेवा, म्हणजे सेलच्या वेळी फक्त विस्ताराचा भाग उतरवायचा राहील. स्टीमवर डाउनलोड थांबवून दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे नेता येतं. दोघांनी स्टीमवर विस्तार घेतला असेल तर एकाने उतरवायचा आणि दुसऱ्याने एकाच राउटरवरून स्थानिक ट्रान्सफरने घ्यायचा, डेटा वाचतो. पेनड्राइव्हने नेणार असाल तर तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. फॅट३२वर ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही आणि कॉपी अर्ध्यावर अडते. डिस्कवर मोकळी जागा भरपूर ठेवा, कारण खेळ उलगडताना तात्पुरती जागाही लागते.

लाइट जाणारच. सेटिंगमध्ये दर टर्नला ऑटोसेव्ह लावा आणि किती ऑटोसेव्ह ठेवायचे तो आकडा वाढवा. सेव्ह होत असतानाच वीज गेली तर ती फाइल खराब होऊ शकते, तेव्हा आधीची एक तरी हाताशी हवी. डेस्कटॉपला यूपीएस खेळत राहण्यासाठी नसतो, सेव्ह करून नीट बंद करण्यासाठी असतो. विजा कडकडायला लागल्या की राउटरची पिन आणि नेटची तार दोन्ही काढून ठेवा.

जुन्या लॅपटॉपवर खेळ चालेल का, याचा अंदाज मूळ खेळातच घेता येतो. मुख्य मेनूत बेंचमार्क (मशीनची चाचणी) आहे. त्यातला ग्राफिक्सचा आकडा कमी आला तर सेटिंग उतरवून भागतं. एआयचा (कॉम्प्युटर खेळवतो त्या राज्यांचा) वेळ जास्त येत असेल तर उपाय एकच, नकाशा लहान घ्या आणि राज्यं कमी ठेवा. ८ जीबी रॅम असेल तर लहान नकाशा बरा चालतो.

पहिल्या डावासाठी जो नेता तुम्हाला पाठ आहे तोच घ्या. माओरी मोह पाडतात, पण त्यांचा डाव भर समुद्रात सुरू होतो आणि त्यात विस्ताराचे नियम शिकायला मिळत नाहीत. वेग 'स्टँडर्ड', नकाशा 'स्मॉल', सहा राज्यं. पातळी प्रिन्सच, तिथे एआयला किंवा तुम्हाला कसलीही सवलत नसते. आपत्तींची तीव्रता ० ते ४मध्ये २वर ठेवा. शून्यावर ठेवली तर 'गॅदरिंग स्टॉर्म' घेऊन उपयोग काय, आणि ४वर पहिल्याच डावात प्रत्येक पावसाळा अंगावर येतो. 'न्यू फ्रंटियर पास' या नंतरच्या जादा भागांचे गुप्त संघटना वगैरे मोड संचात आले असतील तर ते पहिल्या डावात बंद ठेवा.

हॉटसीटवर तिघं बसलात तर बाकीची तीन राज्यं एआयला द्या. निष्ठेचा नियम लवकर कळावा म्हणून एकाने मुद्दाम दुसऱ्याच्या शेजारी शहर टाकून बघावं आणि ते किती टर्न टिकतं ते तिघांनी मोजावं. जागतिक परिषद मध्ययुगात भरायला लागली की राजनैतिक अनुकूलता (परिषदेत मतं देण्यासाठी लागणारे गुण) उधळू नका. पहिल्या एक-दोन सभांत ती जपून ठेवा, मोठ्या ठरावाला लागते. आणि युद्ध जाहीर करण्याआधी तक्रारींचा आकडा बघा. मूळ खेळातल्या युद्धखोरीच्या शिक्षेऐवजी इथे दोन्ही बाजूंच्या तक्रारी जमा-वजा होतात, त्यामुळे शेजाऱ्याने वचन मोडेपर्यंत थांबून मग युद्ध पुकारलं तर जग तुमच्यावर तेवढं उलटत नाही.